कोरीटचे आबा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दर वर्षीच्या मेळाव्यात आपल्यातील एखाद्या दिवंगत वडीलधाऱ्या पुरुषाचे चरित्र कोणीतरी सांगावे आणि ते पुढे स्मरणिकेत छापावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने आम्हांवर सोपविले. आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षक झालो व सारी उमर पोरांकडून पाढे घोकून घेण्यात गेली. तेव्हा आमच्याकडून वक्तृत्वाची अपेक्षा कोणी धरू नये. परंतु ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते कोरीटचे आबा आमच्या घरालगतच्या ओट्यावर बसत आणि चातुर्मासातील पोथी आम्ही प्रथम ऐकली ती त्यांच्याच शेजारी बसून. म्हणून नाही म्हणवले नाही.

त्यांचे नाव आम्ही ह्या भाषणात घेणार नाही. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला तेव्हा देणगीदारांची नावे फरशीवर कोरावयाची ठरली. आबांनी देणगी दिली, पण नाव कोरू दिले नाही. पंचांनी फार आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, "लोकांनी पाय द्यावा म्हणून का मी नाव कोरून घेऊ?" ह्या बोलण्यात विनय किती आणि मिस्कीलपणा किती, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. पण ज्यांनी दगडावर नाव येऊ दिले नाही त्यांचे नाव कागदावर आणणे बरे दिसत नाही. येथे बसलेल्या निम्म्या मंडळींस ते ठाऊक आहेच, आणि बाकीच्यांचे नावावाचून काही अडणार नाही.

आबांचा जन्म 1898 सालचा. ते वर्षाचे होते न होते तोच 1899 चा पाऊस गेला आणि संवत 1956 चा तो दुष्काळ आला, ज्यास आपले म्हातारे छप्पन्याचा काळ म्हणत. गुरे दावणीला मेली, माणसे पाने व मुळ्या खाऊन जगली. आबांच्या आईने त्यांस त्या वर्षी कसे वाचविले, ह्याची हकीकत ते कधी सांगत नसत. मात्र ताटात अन्न टाकलेले त्यांस जन्मभर खपले नाही. ताट पुसून घेऊन त्यात पाणी घालून ते पीत. पाहुण्याने भाकरीचा तुकडा उष्टा टाकला तर त्याच्या देखत उचलून बैलाला नेऊन घालीत, आणि त्यात पाहुण्याचा अपमान होतो असे त्यांस वाटतही नसे.

ते जन्मले तेव्हा आपला मुलूख एकाच मोठ्या खानदेश जिल्ह्यात होता. 1906 साली त्याचे दोन भाग होऊन कोरीट पश्चिम खानदेशात आले, संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर तोच जिल्हा धुळ्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाला. तो पाहावयास आबा नव्हते. 1991 साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. जिल्हे बदलले, पण जन्मापासून मृत्यूपर्यंत आबांची ओसरी एकच राहिली.

कष्टांविषयी काय सांगावे? ह्या सभागृहात ज्यांच्या घरी शेती आहे त्यांस सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांच्या घरी ती उरली नाही त्यांस सांगून कळणार नाही. तरी थोडे सांगतो. विहिरीवर इंजिन बसण्यापूर्वी मोट होती. चामड्याची ती मोट, तिचा नाडा आणि सोंदूर, बैलांची धाव, थारोळ्यात ओतणाऱ्या पाण्याचा आवाज, हे सारे आता आमच्या नातवंडांस चित्रात दाखवावे लागते. आबा पहाटे चारच्या सुमारास उठत. बैलांस वैरण घालून, विहिरीवर स्नान करून, तुळशीला पाणी घालून व कपाळी गंध लावून ते मोटेवर उभे राहत ते ऊन तापेपर्यंत. पावसाळ्यात वखर व तिफण, मग कोळपे, मग निंदणी; कापूस वेचून झाला की ज्वारीचे खळे. मिरचीच्या दिवसांत पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीने साऱ्या घराचे डोळे झोंबत. नंदुरबारच्या बाजारात आबांची मिरची आली की व्यापारी पोत्यात हात घालून पाहत नसत, असे जुने लोक सांगतात. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाशी ओला, हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. अंगावर धोतर, बंडी, डोक्यास पांढरे पागोटे आणि गळ्यात तुळशीची माळ. चप्पल बाजाराला जाताना. शेतात ती झाडाला टांगलेली असे.

त्यांच्या भक्तीविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिच्याविषयी आपल्याकडे काहीशी चुकीची समजूत आहे. आबा माळकरी होते, दर एकादशीचा उपवास करीत, सायंकाळी हरिपाठ म्हणत. तरी आषाढीला ते पंढरपुरास कधी गेले नाहीत. आषाढीच्या सुमारास आपल्याकडे पेरणी असते किंवा दुबार पेरणीची चिंता असते. कोणी टोचून विचारले की ते म्हणत, "पांडुरंगाला माझी तिफण ठाऊक आहे." ते चैत्राच्या वारीस जात, म्हणजे शेत मोकळे झाल्यावर. नंदुरबारहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, तेथून मनमाड, दौंड करीत कुर्डुवाडी, आणि पुढे बार्शी लाइनची ती लहान गाडी. वैशाखात अमळनेरास सखाराम महाराजांच्या उत्सवाला रेल्वेनेच, आणि पर्वणीला प्रकाशे येथे तापीच्या स्नानास बैलगाडीने. प्रकाश्यास दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा दूरच्या काशीला जाण्याची त्यांस कधी निकड वाटली नाही. खर्चही वाचला, असे ते हसून म्हणत.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ती पुढे पुस्तकरूपाने आली तेव्हा एक प्रत आबांच्या घरी आली. तीच प्रत आम्ही लहानपणी पाहिली आहे. कर्मयोगाच्या भागाची पाने हाताच्या घामाने काळी पडलेली होती आणि पुढची बरीचशी कोरी करकरीत. ज्ञानयोगात आपले डोके चालत नाही, असे ते उघड सांगत. त्याच साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. मंदिर खुले झाल्यावर, आता तेथे पूर्वीचा सोवळेपणा राहिला नाही असे म्हणणारे लोक सगळीकडे होते, आपल्यातही होते. आबा पुढल्या चैत्रात नेहमीप्रमाणे गेले, रांगेत उभे राहिले, दर्शन घेऊन परत आले. त्यावर त्यांनी व्याख्यान दिले नाही. परतल्यावर कोणीतरी विचारले, देव कसा होता? तर म्हणाले, "होता तसाच होता."

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे भाषण पत्करले तिच्याकडे वळतो.

आबांस एक थोरला भाऊ होता. 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली, जिला आपले लोक मानमोडी म्हणत. त्या साथीत घरोघर माणसे गेली. आबांचा भाऊ चार दिवसांच्या तापाने गेला. मागे विशीची बायको आणि दोन वर्षांची मुलगी. घरातील मुले पुढे त्या माउलीस मोठी माय म्हणू लागली, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातील निपुत्रिक भावाचा हिस्सा उरलेल्या भावाकडे जाई. विधवेस अन्नवस्त्र मिळे, आणि तेही कसे मिळे हे आपल्या वाडवडिलांच्या घरांत ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे. बत्तीस एकर जमीन त्या दिवसापासून एकट्या आबांची झाली. विसाव्या वर्षी. विचारणारा कोणी नव्हता.

आबा मराठी चौथीपर्यंत शिकले होते आणि हिशेब लिहिण्याची त्यांस आवड होती. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या चाळीसेक वह्या घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत व ह्या भाषणासाठी त्या आमच्या हाती दिल्या. वहीचे वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत, कारण सालदाराचे सालही आपल्याकडे आखाजीलाच सुरू होते. आरंभीच्या वह्या मोडीत आहेत. त्या आम्हांस वाचता येत नाहीत. नंदुरबारच्या एका वृद्ध जाणकारांकडून आम्ही त्या वाचवून घेतल्या. पाऊस कोणत्या नक्षत्रात किती पडला, बैल कितीस घेतला, सालदाराने काय उचलले, कोणत्या एकादशीस कीर्तन झाले, हे सारे एकाखाली एक. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती गोळीबारात पडले. त्या तारखेस मुगाची गाडी न विकता परत आणल्याची आणि बाजारात पोरे मारली गेल्याची नोंद एका ओळीत आहे. तिच्या खाली बैलाच्या खुराचा औषधखर्च. आमच्यासारख्या निबंध तपासणाऱ्या माणसास ती ओळ वाचून काही सुचेनासे झाले.

त्या वह्यांत 1919 पासून दर वर्षी एक पान निराळे आहे. त्याच्या माथ्यावर भावाचे नाव आहे, मेलेल्या भावाचे. त्या वर्षीचे एकंदर उत्पन्न, त्यातून बियाणे, मजुरी, सारा वजा, आणि राहिलेल्याचा निम्मा आकडा त्या पानावर जमा. 1931 साली पुतणीचे लग्न झाले ते त्या खात्यातून. विहीर खोदली तिचा निम्मा खर्च त्या खात्यास नावे. ज्या वर्षी नुकसान आले त्या वर्षी नुकसानही निम्मे नावे पडले आहे; दया दाखवून ते सोडलेले नाही. आम्हांस हे फार महत्त्वाचे वाटते. जिला दान द्यावयाचे तिच्याकडून नुकसान वसूल करीत नाहीत. भागीदाराकडूनच करतात.

1935 पासून वह्या एकदम बाळबोध लिपीत लिहिलेल्या आहेत. ह्याचे कारण घरच्या जुन्या मंडळींनी आम्हांस सांगितले. मोठी माय पोथीवरून बाळबोध वाचावयास शिकली होती, मोडी तिला येत नव्हती. आखाजीच्या दिवशी घागर भरून झाली की आबा वही तिच्यापुढे ठेवीत आणि म्हणत, "वहिनी, पाहून घ्या." ती बोट ठेवून एकेक आकडा वाची. एका वर्षी तिने सालदाराच्या मजुरीत दोनदा धरलेली रक्कम दाखवून दिली, आणि त्या पानावर आबांच्याच हाताने दुरुस्ती आहे.

आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते. रोटासाठी घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात, हे आपण सर्व जाणता. आबा स्वतःची मूठ घालण्याआधी भावाच्या नावाची घालीत. पुरुष गेला म्हणून त्या चुलीची मूठ बंद झाली नाही. चाळीस वर्षांत कोणी त्यास हरकत घेतली नाही, कारण धान्याच्या मुठीने कोणाचे काही जात नाही.

हरकत आली ती 1958 साली. हिंदू वारसा कायदा 1956 च्या जूनमध्ये लागू झाला होता, आणि स्त्रीच्या मालकीची मिळकत आता तिची पूर्ण मालकीची, केवळ हयातीपुरती नव्हे, असे त्यात म्हटले होते. मोठ्या मायला ह्या कायद्याने आपोआप काही मिळत नव्हते; तिचा नवरा चाळीस वर्षांपूर्वी गेलेला. परंतु तिला दिलेले आता तिचेच राहील, हे आबांनी ओळखले. ते तलाठ्याकडे गेले आणि सोळा एकर तिच्या नावावर करून देण्याची व्यवस्था त्यांनी केली. घरात मोठे वादळ उठले. आबांचे तिघे मुलगे तेव्हा कर्ते होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. जमीन त्यांनी कसली होती. मोठ्या मायच्या मागे ती तिच्या मुलीकडे, म्हणजे दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कुळाकडे जाणार होती. भाऊबंदांनी ज्ञातीतील चार वजनदार माणसे आणली. तुम्ही तिला जन्मभर पोसा, कोण नको म्हणतो, पण कुळाची जमीन बाहेर का घालविता, असे ती मंडळी म्हणाली.

आबांनी वाद घातला नाही. वह्या काढून ओसरीवर मांडल्या आणि म्हणाले की, हे देणे आहे, फेडावयाचे की बुडवावयाचे ते पंचांनी सांगावे. बुडवा असे म्हणण्यास चौघांपैकी एकाचीही जीभ धजली नाही. फेरफार मंजूर झाला. थोरला मुलगा त्यानंतर वर्षभर बापाशी बोलला नाही. तोच थोरला मुलगा 1974 साली मोठी माय वारली तेव्हा तिच्या मुलीस आणावयास स्वतः गाडी घेऊन गेला, आणि सोळा एकरांचा सातबारा तिच्या हाती त्यानेच दिला. ती पुतणी पुढे ती जमीन निम्म्याने त्यालाच कसावयास देत असे. कुळाबाहेर गेलेली जमीन अशी त्याच नांगराखाली राहिली.

मधल्या आणि नंतरच्या वर्षांविषयी लवकर सांगतो. 1968 च्या ऑगस्टात तापीला महापूर आला तेव्हा सत्तरीच्या आबांनी आपले पेव उघडून काठच्या गावांस ज्वारी पाठविली. वहीत किती पोती ते लिहिले आहे, कोणास ते लिहिलेले नाही. 1972 च्या दुष्काळात त्यांनी सालदारांपैकी एकासही काढले नाही, आणि सरकारी दुकानातील मिलो घरच्यांनी व सालदारांनी सारखीच खाल्ली. ती बैलही खात नाहीत असे त्यांचे मत होते, पण ताटात त्यांनी टाकली नाही.

आबांच्या अंगी दोष नव्हते असे समजू नये. रागीट होते. नातवांच्या शाळेपेक्षा निंदणी त्यांस जवळची वाटे, आणि ह्यावरून आमच्याशी, म्हणजे गावच्या तरुण मास्तराशी, त्यांचे दोनदा कडाक्याचे वाजले. दोन्ही वेळा पोरे शाळेत आली, पण आठ दिवस उशिरा.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगावी की न सांगावी ह्याचा आम्ही बराच विचार केला. त्यांच्या नातवांनीच ती सांगा म्हणून आग्रह केला. आबांस दोन लेकीही होत्या. वह्यांत आम्ही त्यांचे पान शोधले. दर आखाजीस लुगडे, दिवाळीस चोळी, बाळंतपणाचा खर्च, नातवाच्या बारशाचे कडे, हे सारे खर्चाच्या रकान्यात सापडते. निराळे पान नाही. भावाच्या विधवेचा हक्क ज्या माणसास कायद्यावाचून दिसला, त्यास स्वतःच्या मुलींचा दिसला नाही. मोठी माय ह्या घरात आली होती आणि लेकी ह्या घरातून गेल्या होत्या. त्यांच्या हिशेबी बहुधा तेवढ्यानेच सारे ठरत असावे. आबा गेल्यावर दोघी बहिणींनी हक्कसोड करून दिली. धाकटी आज नव्वदीच्या घरात आहे. आम्ही तिला भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, सही कुठे करायची ते मी विचारले होते. कशावर, ते विचारले नव्हते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भावांनी तिला कधी अंतर दिले नाही, हेही तिने लगेच सांगितले.

कायदा त्यानंतर पुष्कळ पुढे गेला. महाराष्ट्राने 1994 साली, त्या वर्षीच्या 22 जूनपूर्वी ज्यांचे लग्न झालेले नव्हते अशा मुलींस, वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क दिला. 2005 साली देशभर सर्व मुलींस तो मिळाला, आणि हा हक्क जन्मानेच आहे, बाप त्या तारखेस हयात होता की नव्हता ह्यावर तो अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. आणि तरी आपल्या ज्ञातीत हक्कसोडीचा कागद लग्नपत्रिकेइतकाच नित्याचा आहे. राखीपौर्णिमेस ओवाळून घ्यावयाचे आणि त्याच महिन्यात बहिणीस तहसील कचेरीत न्यावयाचे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बहीण राजीखुशीने सोडीत असेल तर बोलणारे आम्ही कोण? पण ती राजी आहे की माहेर तुटेल म्हणून भ्याली आहे, हे तिला कागदापूर्वी कोणी विचारते काय? आबांनी वहिनीपुढे निदान वही ठेवली होती.

आबांच्या नातवांपैकी तिघांनी यंदाच्या आखाजीस आपापल्या बहिणींस बोलावून सातबारा त्यांच्यापुढे ठेवला. दोघींनी हिस्सा मागितला आणि एकीने नको म्हटले. मागणाऱ्या दोघींपैकी एकीवरून घरात थोडी धुसफूस आहे, ती मिटलेली नाही. ती बहीणही आज ह्या मेळाव्यास आली आहे आणि भावाच्याच गाडीतून आली आहे, एवढे सांगतो.

शेवटची वही 1990 च्या आखाजीची. अक्षर थरथरते आहे, दोन ओळी नातीच्या हातच्या आहेत. मृगाचा पाऊस, बैलजोडीची विक्री कारण ट्रॅक्टर आला, चैत्री वारीस ह्या वर्षी जाणे झाले नाही. पुढल्या चैत्रापूर्वीच, माघातील एका एकादशीस, उपवासाच्या दिवशी दुपारी ते ओसरीवर पडले व उठले नाहीत. मळ्यात त्या दिवशी गव्हास पाणी चालू होते. मुलांनी बातमी ऐकताच धाव घेतली, पण वाटेत थांबून दारे बंद करून आले. आबांस तेच आवडले असते, असे त्यांनी आम्हांस पुढे सांगितले.

सर्व वह्या नातवांनी आज येथे आणल्या आहेत. भोजनानंतर सायंकाळपर्यंत त्या व्यासपीठाशेजारच्या मेजावर राहतील. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनी हात स्वच्छ धुऊन पाहाव्यात. 1958 च्या वहीत मोठ्या मायच्या पानावर दोरा घालून ठेवला आहे.